डावा आरसा

तळघरातल्या त्या दुकानात शिरलं की आधी पंख्यांची घरघर ऐकू यायची. छताचे पंखे नव्हेत, कॉम्प्युटरच्या पोटातले. पुढे काउंटर, काउंटरमागे मालक आणि मालकांच्या पाठीशी एक लांबलचक टेबल. टेबलावर पोटं उघडी टाकलेली पाच-सहा मशीन, स्क्रूंची वाटी, धूळ उडवायचा ब्लोअर, आणि या पसाऱ्यात चष्मा कपाळावर चढवून बसलेली एक बाई. वय शेहेचाळीस. हिला सगळे मीटरताई म्हणायचे. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो, इतकं ते चपखल होतं.

“ताई, माझं मशीन कसंय?”

“ब्याऐंशी डिग्री.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“ब्याऐंशी.”

मालक म्हणायचे, हिला वाढदिवसाला बोलावलं तर ही शुभेच्छांऐवजी केकचं तापमान सांगून परत येईल.

दुकान होतं गेम खेळणाऱ्यांच्या मशीनचं. आता गेम म्हटलं की तुम्हाला वाटेल पोरखेळ. अहो, पोरखेळ कसला! पडद्यावर सगळं शहरच्या शहर उभं करायचं, त्यात माणसं, गाड्या, दिवे, पावसाचा थेंब न् थेंब, आणि हे सगळं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढायचं. साठाची तीस झाली की डोळ्याला कळतं. तिसाची वीस झाली की हाताला कळतं, कारण आपण दाबतो आत्ता आणि पडद्यावर होतं मागाहून. ही चित्रं किती निघतात, कुठे अडतात, का अडतात, हे शोधून काढणं म्हणजे मीटरताईची नोकरी. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. आणि गंमत बघा, या एकोणीस वर्षांत तिनं एकही गेम शेवटपर्यंत खेळलेला नव्हता.

गिऱ्हाईक यायचं ते ही चित्रं काढणारं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड मागत. बाकी मशीन दहा वर्षांपूर्वीचं, पण कार्ड पाहिजे राजाचं. मीटरताई एकदा मशीनकडे बघायची, एकदा त्याच्याकडे, आणि म्हणायची, “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? या कार्डाला माल पुरवणारा प्रोसेसर म्हातारा आहे. कार्ड नुसतं हात बांधून वाट बघत बसेल.” काहीजणांना पटायचं. काहीजण शेजारच्या दुकानात जायचे आणि महिन्याभरानं तोंड पाडून परत यायचे.

तिचा एकच नियम होता आणि त्यात ती मालकांचंही ऐकत नसे. मशीन जोडून झालं की सगळ्यात जड गेम लावायचा, त्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागी जाऊन उभं राहायचं आणि चाळीस मिनिटं हलायचं नाही. आकडे बघायचे, हात लावून बघायचा, वास घ्यायचा. चाळीस मिनिटांच्या आधी मशीन दुकानाबाहेर जाणार नाही म्हणजे नाही. “पहिली दहा मिनिटं सगळेच चांगले वागतात,” ती म्हणायची. “खरं काय ते गरम झाल्यावर कळतं.” हे ती कार्डाबद्दल म्हणायची की स्वतःच्या दोन वर्षांत आटोपलेल्या संसाराबद्दल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

संसार आटोपून ती परत आली ती दादाकडे. दादाच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. दादानं का आलीस, किती दिवस राहणार, असा एक शब्द विचारला नाही. चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाला, “वरच्या खोलीचा पंखा आवाज करतो. तुझ्याच्यानं होतोय का बघ.” झालं, विषय संपला.

दादा बस चालवायचा. सव्वीस वर्षं. आई-बाप लवकर गेले, तेव्हा हा वीस वर्षांचा आणि ही बारा. शाळा सुटली की ती त्याच्या डेपोत जाऊन बसायची. पुढं तो चालक झाला तेव्हा त्याच्या मागच्या सीटवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि परत यायची. इंजिनाच्या आवाजावरून काय बिघडलंय हे ओळखायला तिला त्यानंच शिकवलं. ती दुरुस्तीच्या कोर्सला जाते म्हणाली तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, पोरीच्या हातात स्क्रूड्रायव्हर काय देतोस? तेव्हा दादा म्हणाला होता, “माझ्या गाडीखाली घुसणाऱ्याला मी मिशा आहेत का असं विचारत नाही, नट घट्ट बसला का एवढं विचारतो.” असा माणूस. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हे तो स्वतःहून कधी सांगायचा नाही, पण कुणी सांगायला लागलं की थांबवायचाही नाही.

पाच महिन्यांपूर्वी, सकाळी दहाच्या सुमाराला, डेपोच्या अंगणात दादा उभ्या उभ्या खाली बसला. मेंदूतल्या एका नसेत रक्ताची गाठ अडकली होती. नशीब एवढंच की तेव्हा तो गाडीवर नव्हता. हॉस्पिटलच्या बाकड्यावर वहिनी ओक्साबोक्शी रडत होती आणि डॉक्टर मीटरताईला समजावून सांगत होते: डावा हात, डावा पाय, किती दिवस लागतील, काय राहील, काय जाईल. मीटरताई ऐकत होती. तिला काहीही वाटलं नाही. अगदी काहीही नाही. तिनं वहिनीला पाणी आणून दिलं. खाली जाताना लिफ्टमधल्या पाटीवर किती किलो वजन चालतं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तीन मशीन जोडली आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटं दिली.

लोक म्हणाले, बाई दगडाच्या काळजाची आहे. दगड कसली! जास्त भार आला की घरातला फ्यूज उडतो, तसा हिचा उडाला होता, आणि बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही. ती जेवायची, पण चव लागायची नाही. हसायच्या जागी हसायची. दादा बरा होऊ लागला, डाव्या हातानं कप उचलायला लागला, तेव्हा वहिनीला आनंदानं रडू आलं. मीटरताई म्हणाली, “कप दोनशे ग्रॅमचा असेल.”

हात सुधारला, पाय सुधारला. डॉक्टर म्हणाले प्रगती उत्तम. राहिली डेपोची चाचणी. नियम असा की मोठ्या दुखण्यातून उठलेल्या चालकाची एकदाच चाचणी होते. पास झाला तर गाडी, नापास झाला तर निवृत्तीपर्यंत टेबलावर बसून पासांवर शिक्के. दादाला निवृत्तीला चार वर्षं होती. तो खुर्चीत बसून पाय जमिनीवर दाबायचा, ब्रेक, क्लच, ब्रेक. एक दिवस अगदी साध्या आवाजात म्हणाला, “मला टेबलावर बसवलं तर मी टिकणार नाही गं.” वहिनी आत निघून गेली. मीटरताई म्हणाली, “सरावाला मशीन करून देते.”

बस चालवायचा एक गेम आहे. असतील दहा-बारा देशांतली माणसं वेड्यासारखी खेळत. स्टिअरिंग, पायाखालची पेडलं, सगळं खऱ्यासारखं. पण गेम महाजड, आणि त्यातही सगळ्यात जड काय, तर आरसे. म्हणजे असं, की समोरचं शहर तर काढायचंच, पण प्रत्येक आरशासाठी मागचं शहर पुन्हा वेगळं काढायचं. दोन आरसे म्हणजे तीन शहरं. म्हणून शहाणे लोक आरसे बंद करतात, निदान धूसर तरी ठेवतात. मीटरताईनंही तेच सुचवलं.

दादा उसळला. “आरसे बंद करून बस चालवू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अगं, डावीकडं दार असतं. म्हातारी नीट चढली का, कुणाचा पाय पायरीवर आहे का, पोर हात सोडून पळालं का, हे डाव्या आरशात बघितल्याशिवाय मी सव्वीस वर्षांत गाडी हलवली नाही. उजवा आरसा पोलिसासाठी असतो, डावा देवासाठी.”

मग काय, तगडं कार्ड, तगडा प्रोसेसर. मालकांनी तिनं काही मागायच्या आत दिलं. एका रविवारी दुपारी दादाच्या जेवणाच्या टेबलावर तिनं सगळं जोडलं. वहिनी शेजारी बसून बोलत होती, दादा तिसऱ्यांदा विचारत होता झालं का. झालं. गेम सुरू झाला, बस निघाली, आकडा सेकंदाला छप्पन्न चित्रं. आणि मीटरताई जिन्यानं वर निघून गेली. चाळीस मिनिटं? ती गिऱ्हाइकांसाठी. हे तर घरचंच मशीन! परक्याच्या मशीनला चाळीस मिनिटं आणि सख्ख्या भावाच्या मशीनला चार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढचे बारा दिवस दादा रोज बसायचा. पहिली दहा मिनिटं झकास. मग ब्रेक दाबला की बस उशिरा थांबायची, वळवली की उशिरा वळायची. कधी पुढच्या गाडीवर, कधी थांब्याच्या खांबावर. त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, दहा मिनिटांतच आपले हात थकतात. जेवण कमी झालं, बोलणं बंद झालं. शेवटी वहिनीनं वर येऊन सांगितलं, “ताई, हे काल मला म्हणाले, संपलो मी. तू एकदा बघशील का?”

मीटरताई खाली आली, आकडे लावले. दहाव्या मिनिटाला प्रोसेसर अठ्ठ्याण्णव डिग्री. इतका तापला की यंत्र स्वतःला वाचवायला आपलं कामच कमी करतं. चित्रं छप्पन्नावरून एकोणिसावर. तिनं मशीन उघडलं, प्रोसेसरला गार ठेवणारा, वर बसवलेला कूलर काढला. कूलरच्या तळाला कारखान्यातून एक पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटून येतं. ते सोलायचं, मग उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची, मग कूलर बसवायचा. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात. प्लास्टिक तिथंच होतं. खाली पेस्ट, वर कूलर, मध्ये प्लास्टिक, उष्णता जायची कुठून?

“माझी चूक,” ती म्हणाली आणि प्लास्टिक चिमटीत धरून दादाला दाखवलं.

दादानं ते हातात घेतलं, उजेडात धरलं आणि असा हसला! पाच महिन्यांत पहिल्यांदा. “म्हणजे माझे हात शाबूत आहेत! तुझ्या एवढ्याशा कागदानं मला बारा दिवस मारून ठेवलं होतं की गं!” त्यानं वहिनीला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, डेपोत फोन करून सांगितलं, आणि त्याच फोनवर चाचणीची तारीखही मागून घेतली. तीन आठवड्यांनंतरचा शुक्रवार. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मीटरताईला आपण आनंदी व्हायला हवं हे कळत होतं.

आठवडा बरा गेला. ब्रेक वेळेवर लागायला लागले. मग दादाची दुसरी तक्रार सुरू झाली. “डावीकडं वळताना अडकतंय. घासते गाडी. तुझ्या मशीनमध्ये अजून काहीतरी आहे.”

असूही शकतं. वळलं की नवा रस्ता येतो आणि तो डिस्कवरून उचलावा लागतो. डिस्क जुनी असली की झटका बसतो. तिनं डिस्क बदलली. दादा म्हणाला, सुधारलं. दोन दिवसांनी म्हणाला, नाही सुधारलं. मेमरीची एकच पट्टी होती, तिनं दोन लावल्या. सुधारलं. नाही सुधारलं. पेडलची वायर बदलली, पडद्याची सेटिंग बदलली. आकडे आता बावन्नच्या खाली जात नव्हते. आकड्यांत काही म्हणजे काही खोट नव्हती, आणि दादा डावीकडचा खांब सोडत नव्हता.

सोमवारी संध्याकाळी ती दुकानातून आली ती सरळ खाली. चार दिवसांवर चाचणी. अशा वेळी एकेक गोष्ट बंद करून बघायची रीत आहे, म्हणजे भार कुणाचा ते कळतं. दादा चालवत होता आणि ती बाजूला कीबोर्ड घेऊन बसली होती. पाऊस बंद केला, चार वाढले. परत चालू केला. गर्दी कमी केली, सहा वाढले. परत चालू. डावा आरसा बंद केला, आकडा टुणकन अकरानं वर गेला. पडद्याच्या डाव्या कडेला आरशाच्या जागी नुसता राखाडी चौकोन. ती आरसा परत चालू करणार, एवढ्यात मालकांचा फोन आला आणि ती बोलायला बाहेर गेली. गिऱ्हाईक भांडत होतं, बोलणं लांबलं.

परत आली तेव्हा दादा खुशीत होता. “आज काय केलंस? लोण्यासारखी चाललीय!”

मीटरताईनं पडद्याकडे पाहिलं. चौकोन अजून राखाडीच होता. आता ओरडेल, तिला वाटलं. आता म्हणेल, आरसा कुठाय, वेडे? दादा शिट्टी वाजवत होता. थांबा आला, त्यानं बस थांबवली, दार उघडलं, माणसं चढली, दार लावलं, निघाला. पुढचा थांबा, तसंच. ती कीबोर्डला हात न लावता बसून राहिली. घड्याळ बघितलं. दहा मिनिटांवरून काही ठरवायचं नाही, चाळीस द्यायची. चाळीस मिनिटांत दादानं अकरा थांबे केले. दोनदा खांबाला घासली, एकदा फुटपाथवर चाक चढवलं, आणि एकदा दारापाशी उभी असलेली बाई ओरडून मागे उडाली, तेव्हा म्हणाला, “ही कुठून आली मधेच!”

“दादा,” ती म्हणाली, “डाव्या आरशात काय दिसतंय?”

“काय दिसणार? रस्ता. मागं एक पांढरी मोटार आहे.”

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या दादाला ती ओळखत होती. तो तेव्हा कान खाजवायचा.

वहिनीनं पानं घेतली. दादा जेवून पाणी प्यायला. वहिनी म्हणाली, “हल्ली असंच करतात, अर्धंच जेवतात. भाजी आवडली नाही म्हणून सांगावं तरी!” ताटाची उजवी बाजू लख्ख झाली होती आणि डावीकडची भाजी जशीच्या तशी. मीटरताईनं काही न बोलता ताट धरून अर्धं फिरवलं. “अरेच्चा, आहे की अजून,” दादा म्हणाला आणि ती भाजीही संपवली. चवीनं संपवली. वहिनी हसली, म्हणाली, “लहान मुलासारखं फिरवून द्यावं लागतं.” मीटरताई वर आली आणि खाटेवर बसून राहिली. अर्धं ताट, ती मोजत होती. अर्धा पडदा, अर्धा रस्ता. दार असलेला अर्धा. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

सकाळी वहिनी बाजारात गेल्यावर तिनं दादाला सगळं सांगितलं. पडद्यासमोर बसवून, त्याची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली आणि राखाडी चौकोन दाखवला.

दादानं त्यावर बोट टेकवून पाहिलं. मग भडकला. “एवढ्याशा पडद्यावरचा तो बोटभर आरसा! खऱ्या गाडीचा आरसा परातीएवढा असतो. खेळ वेगळा, रस्ता वेगळा.”

“ताटसुद्धा, दादा.”

“ताटाचं मला सांगू नकोस! बारा दिवस मी स्वतःला मेलेला समजत होतो. निघालं काय? तुझं प्लास्टिक! तेव्हाही चूक तुझी आणि जीव माझा. आताही काहीतरी तुझंच राहिलेलं असणार. आधी तुझं मशीन बघ, मग माझ्या डोक्यात स्क्रूड्रायव्हर घाल.”

जिनं एकदा घरच्या मशीनला चार मिनिटांत पास केलं, तिच्या शब्दाला वजन किती? तरी ती म्हणाली, “डावी बाजू तुझ्या ध्यानातच येत नाहीये. डॉक्टरांना दाखवू. सुधारतं असं, सराव करून.”

“शुक्रवारनंतर दाखवू,” दादा म्हणाला. मग आवाज खाली आला. “डेपोत काही बोलायचं नाही. वहिनीपाशी नाही. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस, मीटर.”

तिनं कीबोर्ड ओढून डावा आरसा परत चालू केला.

शुक्रवारी तो दाढी करून, जुना गणवेश घालून तयार होता. वहिनीनं इस्त्री केली होती. “मीटर येतेय बरोबर,” त्यानं स्वतःच सांगितलं. तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता, पण एकट्यानं जाववेना.

डेपोतल्या चाचणीच्या खोलीत एक खुर्ची, खुर्चीसमोर तीन दिवे, खाली पेडल, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तपासणीचे साहेब पन्नाशीचे, दादाला नावानिशी ओळखणारे. मीटरताई भिंतीशी उभी राहिली. दिवे तिन्ही नाकासमोर, तक्ता नाकासमोर. डावीकडे काहीच नव्हतं. तिनं एका नजरेत ओळखलं की दादा इथं पास होणार आहे. लाल दिवा, ब्रेक. हिरवा दिवा, सोड. साहेब आकडे वाचून दाखवत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटरताईला आकडे नकोसे झाले. “वा!” साहेब म्हणाले. “माझ्या तिशीतल्या पोरांपेक्षा बरे आहात तुम्ही.” तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हाताची पकड दोन्हीकडे चांगली.

साहेबांनी दादाला टेबलासमोर बसवलं. मीटरताई येऊन दादाच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसली. साहेबांनी फॉर्म भरला, सही केली आणि शिक्क्याचा डबा उघडला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? सोमवारी हा गाडीवर बसणार. थांब्यावर दार उघडणार. एक शब्द, तिला एवढंच करायचं होतं. पण तो शब्द काढला की त्याची गाडी गेली, ती कायमची गेली, आणि ती घालवणारी ती, जिला त्यानं वाढवलं. तिनं तोंड उघडलं. शब्द निघायच्या आत साहेबांनी शिक्का शाईवर दाबला.

दादाला मात्र कंठ फुटला होता. “वहिनीला फोन लाव गं, सांग तिला!” तो म्हणाला आणि उजवीकडे वळला. उजवीकडे कुणी नव्हतं. खुर्चीत मागे वळून दाराकडे पाहिलं. परत समोर वळला. “अहो साहेब, माझी बहीण बाहेर गेली का? आत्ता इथं होती.”

साहेबांनी शिक्का हातात तसाच धरला. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग त्याच्या कोपराला कोपर लागेल एवढ्या अंतरावर बसलेल्या मीटरताईकडे पाहिलं.

“मी इथंच आहे, दादा,” ती म्हणाली.

दादाची मान आवाजाच्या दिशेनं वळायला लागली. हळूहळू, खूप वळवावी लागली. ती दिसली तेव्हा तो दचकला.

“कधी आलीस?”

“मघापासून इथंच बसलेय.”

तो तिच्याकडे बघत राहिला. भडकला नाही, की मशीनचं नाव काढलं नाही. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं. मग त्यानं टेबलावर हात लांब करून तळवा फॉर्मवर पालथा ठेवला, बरोबर शिक्क्याच्या जागेवर.

“साहेब, शिक्का मारू नका,” तो म्हणाला. “मला माझी बहीण दिसत नाही. थांब्यावरची माणसं काय दिसणार?”

मीटरताई त्या परक्या खोलीत, साहेबांसमोर, लहान पोरीसारखी मोठ्यानं रडायला लागली. दादाचा डावा हात तिला शोधत खुर्चीच्या दांड्यावर चाचपडत होता. ती उठली, त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आली, आणि तिथं बसली.